उजवं बटण दाबून एल काढायची सवय

ऑफिसात क्रोम, दुसरं काही टाकायची सोयच ठेवलेली नाही. आणि तिथे मी दिवसातून चार वेळा तरी माऊसचं उजवं बटण दाबून खाली आणि मग उजवीकडे असा एल काढतो, टॅब बंद व्हावा म्हणून, आणि होतं काय तर नुसता मेनू उघडतो. शेजारचा विचारतो, काय रे, हात थरथरतोय का. त्याला काय सांगू, घरी विवाल्डी नावाचा ब्राउझर आहे आणि त्याच्याही आधी ऑपेरा होता, दोन्हीत असा एल काढला की टॅब बंद होतो, हाताला वळणच पडलंय.

मी मूळचा ऑपेरावाला, अगदी कीपॅडच्या जावा फोनवर ऑपेरा मिनी चालायचा तेव्हापासूनचा. त्यात मराठी साइट उघडली की सगळे चौकोन चौकोन. मग कुणीतरी सांगितलं की ॲड्रेसच्या जागी ऑपेरा कोलन कॉन्फिग टाईप कर, पान पार खाली ने, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट असं काहीसं लिहिलंय, त्याला यस कर आणि सेव्ह कर. केलं, आणि मराठी आलं की हो! जरा खडबडीत, पण वाचता येणारं. ऑपेराचा सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा, त्यामुळे डेटा जास्त जायचा, पण चौकोन बघण्यापेक्षा बरं. वर्गातल्या कित्येक पोरांच्या फोनवर ती सेटिंग मीच करून दिलीये.

पुढे २०१३ मध्ये ऑपेराने वेब पानं दाखवणारं स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडलं, क्रोम ज्यावर उभा आहे त्याच क्रोमियमवर गेले, आणि डेस्कटॉपवरच्या आमच्या बऱ्याच लाडक्या गोष्टी गेल्या. ऑपेराचाच एक संस्थापक, योन फॉन टेट्झनर, त्याने मग विवाल्डी काढला, पहिलं पक्कं व्हर्जन २०१६ चं. आतून तोही क्रोमियमच, पण टॅब एकावर एक रचता येतात, टॅबची पट्टी डावीकडे नेता येते, मी ती तिथेच ठेवतो कारण लॅपटॉपची स्क्रीन आधीच बुटकी, वरून आणखी कशाला खायची. सेटिंग मात्र इतक्या की त्यात शोधायला वेगळा सर्च बॉक्स दिलाय. एका रविवारी शॉर्टकट जुळवत बसलो, जेवण गार झालं.

फायरफॉक्स पण ठेवलाय, आणि तो कंटेनरसाठी, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले रंगीत टॅब. फंडाच्या एकाच साइटवर माझं लॉगिन निळ्या टॅबमध्ये, आईचं केशरी टॅबमध्ये, दोन्ही एका वेळी उघडी, लॉगआऊटची कटकट नाही. शिवाय जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन त्यात अजून पूर्ण ताकदीने चालतं, क्रोमने नवे नियम आणून ते बंद पाडलं, तिथे राहिलं ते त्याचं हलकं रूप, लाइट. आणि अजून एक बारकी गंमत, ज्या रेसिपीवाल्या साइट राइट क्लिक बंद करून ‘कंटेंट चोरू नका’ म्हणून दरडावतात ना, तिथे शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, फायरफॉक्स गपचूप मेनू देतो. (चोरायला नाही हो, बहिणीला साहित्याची यादी पाठवायला.)

आईच्या फोनवर ब्रेव्ह टाकून दिला, कारण काही शिकवावं लागत नाही, जाहिराती आपोआप अडवल्या जातात. जावास्क्रिप्ट ज्याने १९९५ ला बनवली त्या ब्रेंडन आइकचाच हा ब्राउझर, म्हणजे ज्या भाषेत आज निम्म्या जाहिराती पळतात त्या भाषेचा बापच जाहिराती अडवतोय. त्यातलं क्रिप्टोचं प्रकरण मात्र मी पहिल्याच दिवशी लपवून टाकलं, आईला वाटलं असतं लॉटरी लागली. एकदा एका बँकेचं पेमेंट करताना ओटीपी आला पण टाकायचा डबाच दिसेना, त्या पानाचा सगळा डोलारा बहुतेक ट्रॅकरच्या स्क्रिप्टवर उभा होता. मग सांगितलं, वर ब्रेव्हचं सिंहाचं चिन्ह आहे त्यावर बोट ठेव आणि शील्ड, म्हणजे ही अडवाअडवी, बंद कर. तेव्हापासून आमच्याकडे त्याला ‘सिंह झोपवणं’ म्हणतात.

परवा फोन आला, “अरे सिंहच नाहीये, कुठे गेला?” पाच मिनिटं डोकेफोड केल्यावर कळलं की व्हॉट्सॲपवरची लिंक फोनमधल्या आधीच्याच ब्राउझरमध्ये उघडली होती, डिफॉल्ट बदलायचं मीच विसरलो होतो.