मेटल डिटेक्टर घ्यायचाय? आधी कुठे फिरवणार ते सांगा (माझा अनुभव)

कुणी विचारलं की कुठलं मशीन घेऊ, तर मी उलट विचारते, फिरवणार कुठे? कारण बीच आणि पार्क ही दोन वेगळीच प्रकरणं आहेत आणि दुकानदार हे सांगत बसत नाही, तो डब्यावरची खोली दाखवतो, इतके इंच न् तितके इंच.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, समुद्र गाडीने तासाभरावर. ऑफिसातल्या एकाने त्याचं जुनं सिंगल फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे एकाच लहरीवर चालणारं मशीन वापरून बघ म्हणून दिलं आणि माझं निम्मं सिलेक्शन तिथेच झालं. बेलमारच्या बीचवर कोरड्या वाळूत ते अगदी शहाण्यासारखं वागत होतं, बुचं काय, नाणी काय, सगळं वेगवेगळं सांगत होतं, आणि जशी मी लाटांच्या बाजूला ओल्या वाळूत उतरले तसं खाली काही नसताना बोंबलायला लागलं. सेन्सिटिव्हिटी उतरवली की गप्प, पण मग खरी वस्तूही ऐकू येईना. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे मशीनला ती ओली वाळूच धातू वाटते. त्यात काळी वाळू असली, म्हणजे मॅग्नेटाइट, तर ती वेगळ्याच प्रकारे गोंधळ घालते आणि एका फ्रिक्वेन्सीवर दोन्ही एकदम वजा करणं त्या बिचाऱ्याला जमत नाही. मल्टी फ्रिक्वेन्सीवाली मशीन हेच बऱ्यापैकी सांभाळतात. पल्स इंडक्शन म्हणून तिसरा प्रकार आहे, तो मिठाला जुमानतच नाही, खोलही जातो, पण लोखंड की सोनं हे धड सांगत नाही, म्हणजे प्रत्येक हेअरपिनसाठी खड्डा. माझ्या पाठीला ते परवडणारं नव्हतं.

मग मी मिनलॅबचं इक्विनॉक्स ६०० सेकंडहँड घेतलं. वजन सव्वा किलोच्या थोडं वर, तीन मीटरपर्यंत पाण्यात चालतं, मल्टी फ्रिक्वेन्सी. फक्त पार्कात आणि कोरड्या वाळूत फिरवणार असाल तर एवढा खर्च करू नका, गॅरेटचं एस ३०० किंवा नोक्ताचं सिम्प्लेक्स भरपूर झालं. उरलेल्या पैशात चांगला स्कूप आणि पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे ते दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) घ्या. हे मी मनापासून सांगतेय, कारण लोक मशीनवर सगळे पैसे घालतात आणि मग प्लास्टिकच्या पावड्याने ओली वाळू उपसत बसतात. लांब दांड्याचा, भोकंवाला स्टेनलेस स्टीलचा स्कूपच हवा, पायाने दाबायचा, हलवायचा, वाळू गळून जाते आणि धातू आत राहतो.

बीचवर पोचलं की आधी नॉइज कॅन्सल, म्हणजे आजूबाजूच्या विजेचा गोंगाट टाळायचं बटण, मग ओल्या वाळूत बीच १ मोड, पाण्यात पाय बुडाले की बीच २. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची गोल चकती, वाळूला समांतर ठेवायची, केर काढताना कसा झाडू शेवटाला वर जातो तसं करायचं नाही, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. घाई केली की गेलं. ओहोटीचं टाइमटेबल बघून जायचं, आणि हिवाळ्यात नॉरईस्टर वादळ येऊन गेलं की दुसऱ्याच दिवशी पळायचं, वाळू कापली जाते आणि खालचं वर येतं. याच्या उलट सरकार समुद्रातून वाळू उपसून किनाऱ्यावर पसरतं तेव्हा जुन्या वस्तू पार खाली गाडल्या जातात, तिथे वेळ घालवू नका. इथल्याच सर्फ सिटीच्या बीचवर २००७ साली तर अशा पसरलेल्या वाळूत पहिल्या महायुद्धाच्या काळातले तोफगोळ्यांचे फ्यूज निघाले होते, तेव्हा खड्ड्यात काही गंजकं, जड, दंडगोल दिसलं तर हात न लावता लांब व्हायचं आणि पोलिसांना फोन करायचा.

आता आकड्यांचं. खाली कुठला धातू असावा याचा अंदाज मशीन पडद्यावर आकड्याने सांगतं. इथली नाणी घ्या, माझ्या मशीनवर क्वार्टर तीसच्या आसपास, डाइम पंचवीस-सव्वीस, निकेल तेरा. आणि कॅनची जुनी ओढून काढायची रिंग, तीही त्या निकेलच्याच आगेमागे. गोची अशी की सोन्याची अंगठीही तिथेच कुठेतरी दाखवते, बारीक असेल तर आणखी खाली, फॉइलच्या शेजारी. म्हणजे कचरा नको म्हणून ते आकडे बंद केले की सोनंही बंद. बीचवर मी लोखंड सोडून सगळं उघडं ठेवते आणि खणते. एका संध्याकाळी लोक टॉवेल गुंडाळून निघाल्यावर लाटांच्या कडेने जात होते, नऊ-दहा असा आकडा, दोन्ही बाजूंनी स्थिर, आवाज मऊ. पहिला स्कूप रिकामा, खड्ड्यात पाणी भरलं, सिग्नल अजून खालीच. पुन्हा दाबला, हलवला, शिंपल्यांचे तुकडे आणि मध्ये एक पातळ वळं, आत १०के असं कोरलेलं. सासूबाईंना फोटो पाठवला तर म्हणाल्या दहा कॅरेट म्हणजे काय सोनं का ते! बरोबर आहे, ९१६ वापरणाऱ्यांना काय कौतुक, पण इकडे तेच चालतं.

पार्कात मात्र उलटा हिशेब. तिथे गवत आहे, लोकांची नजर आहे, दिसेल ते खणत सुटलात तर हाकलून देतील. तिथे मी पार्क १ लावून वरचे आकडे धरते, कारण १९६४ पर्यंतचे डाइम आणि क्वार्टर ९० टक्के चांदीचे आहेत आणि जुन्या झाडांखाली ते मिळू शकतात. गवत तीन बाजूंनी कापायचं, झाकणासारखं उचलायचं, माती रुमालावर काढायची, सगळी परत भरायची आणि पायाने दाबायचं. परवानगी गावागणिक वेगळी, आधी फोन करा. सँडी हूकचा किनारा नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या उद्यान खात्याकडे आहे, तिथे डिटेक्टर चालतच नाही, शिवाय ती जागा १८७४ ते १९१९ लष्कराच्या तोफा तपासायची होती.

आणि हो, हे कळल्यापासून धाकट्या दिरांचा फोन ठरलेला, वहिनी येताना ते मशीन आणा, वाड्यात पणजोबांनी पुरून ठेवलंय म्हणतात. त्यांना सांगितलं, भारतात गुप्तधनाचा १८७८ चा कायदा अजून आहे, जमिनीत लपवलेलं दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर आधी कलेक्टरला कळवायचं. तेव्हापासून गुप्तधनाचा विषय जरा थंडावलाय.

मशीन घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, कॉइलचं कव्हर काढून आतली वाळूसुद्धा. बाथटबात नको, ड्रेन तुंबतो, मी मागच्या अंगणात बादली ठेवलीये.