नवीन सेलरवर पहिला भरवसा कोण टाकणार?

ज्याने कुणी ऑनलाइन मार्केटप्लेसवर नवीन दुकान टाकलंय त्याला हे चक्र पाठ असतं, रिव्ह्यू नाहीत म्हणून ऑर्डर येत नाही आणि ऑर्डर येत नाही म्हणून रिव्ह्यू येत नाहीत. मी हाताने शिवलेल्या वह्या विकते, आणि त्यासाठी लागणारा कागद, दोरा, बाइंडिंगची जुनी अवजारं हे सगळं माझ्यासारख्याच छोट्या सेलरकडून ऑनलाइन घेते, त्यामुळे दोन्हीकडची धाकधूक मला चांगली माहितीये. घेणाऱ्याला वाटतं पैसे गेले आणि भलतंच काही आलं तर? विकणाऱ्याला वाटतं माल गेला आणि पैसे परत मागितले तर? दोघंही एकमेकांना कधी भेटणार नसतात.

याच्या मुळाशी जे आहे ते जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० सालीच मांडून ठेवलंय, तेही जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन. गाडी आतून कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, मग घेणारा सावध होऊन मधलाच काहीतरी भाव सांगतो, त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही म्हणून चांगल्या गाडीवाले बाजारातून निघून जातात आणि खटारे तेवढे मागे राहतात. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये मायकल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं. अकरलॉफ यांनी यावर उपाय पण सांगितलेत, गॅरंटी आणि ब्रँडचं नाव हे त्यातले दोन. आता मोठ्या कंपनीकडे हे दोन्ही आयतं असतं. घरातल्या टेबलावर बसून वस्तू बनवणाऱ्या बाईकडे यातलं काय आहे? फोटो, चार ओळींचं डिस्क्रिप्शन, आणि कुणी विचारलंच तर उत्तर द्यायची तयारी. बास.

ईबे हे ऑनलाइन लिलावाचं मार्केटप्लेस सुरू झालं १९९५ मध्ये, तेव्हा त्याचं नाव ऑक्शनवेब होतं. ते सुरू करणाऱ्या पियरे ओमिड्यार यांनी तिथे टेस्टिंगसाठी सुरुवातीला एक मोडका लेझर पॉइंटर विकायला टाकला आणि तो विकला गेला. त्यांनी घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं की बाबा हा चालत नाही हे कळलंय ना, तर तो म्हणाला मी मोडके लेझर पॉइंटरच गोळा करतो. ही गोष्ट लोक गंमत म्हणून सांगतात, मला मात्र त्यात धंद्याची फार मोठी गोष्ट दिसते. वस्तू मोडकी आहे हे आधी सांगितलेलं होतं, वर परत विचारून खात्री केली, त्यामुळे मोडकी वस्तू विकूनसुद्धा कुणी फसलं नाही. मग लोक वाढले, भांडणं त्यांच्याकडे यायला लागली, तेव्हा १९९६ च्या फेब्रुवारीत त्यांनी फीडबॅकची सोय केली, की व्यवहार झाला की एकमेकांबद्दल चांगलं-वाईट उघडपणे लिहा. आज आपण जिथे तिथे तारे देत फिरतो ना, त्याचं बरंचसं मूळ इथे आहे.

हे चाललं का? चाललं, अगदी मोजून दाखवण्याइतकं चाललं. पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबेवर एक प्रयोग केला होता, तो २००६ मध्ये छापून आला. जुन्या पोस्टकार्डांचा एक नावाजलेला सेलर घेतला, त्याने सारख्याच प्रकारची पोस्टकार्डं काही आपल्या जुन्या नावाने विकली आणि काही कोऱ्या नवीन नावांनी. माणूस तोच, माल तसाच, पण जुन्या नावासाठी लोक सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास जास्त द्यायला तयार होते. म्हणजे नवीन माणूस कितीही प्रामाणिक असला तरी सुरुवातीला त्याला हा ८ टक्क्यांसारखा भुर्दंड सोसावाच लागतो, आणि त्याला वाटतं आपलाच माल कमी पडतोय. नवीन सेलरना मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं, की तुमचा माल कमी पडत नाहीये, तुमचं नाव अजून कुणाला माहीत नाहीये एवढंच आहे, लगेच भाव पाडून बसू नका.

आणि पहिला निगेटिव्ह आला की काय होतं त्यावरही अभ्यास झालाय. लुईस काब्राल आणि अली होर्टाचसू यांनी २०१० मध्ये दाखवलं की ईबेवर सेलरला पहिला निगेटिव्ह फीडबॅक मिळायच्या आधी आठवड्याची विक्री साधारण ५ टक्क्यांनी वाढत असेल तर त्यानंतर ती ८ टक्क्यांनी घटायला लागते. ज्याचे हजारो रिव्ह्यू आहेत त्याला एखादा वाईट रिव्ह्यू लागत पण नाही, ज्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत त्याचं पार कंबरडं मोडतं. म्हणून छोटे सेलर निगेटिव्हला एवढे घाबरतात की काही जण मग नको ते करायला लागतात.

नको ते म्हणजे पार्सलमध्ये ती चिठ्ठी येते बघा, पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा आणि गिफ्ट घ्या. मला या चिठ्ठीचा मनापासून राग आहे. वस्तू चांगली असली तरी ती चिठ्ठी बघून माझ्या मनात पाल चुकचुकते, की मी जे रिव्ह्यू वाचून ही वस्तू घेतली ते पण असेच मिळवलेले होते का. याहून भारी प्रकार म्हणजे ब्रशिंग, म्हणजे अनोळखी लोकांच्या पत्त्यावर न मागवलेलं काहीतरी फुटकळ पाठवायचं आणि त्यांच्या नावाने ऑर्डर झाल्याचं दाखवून स्वतःच छान छान रिव्ह्यू लिहायचे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये नियम काढून खोटे रिव्ह्यू विकणं, विकत घेणं, आणि चांगलंच लिहा या अटीवर काहीतरी बक्षीस देणं यावर बंदी घातली. बरं झालं. कारण सुक्याबरोबर ओलंही जळतं, खोट्या रिव्ह्यूंचा बाजार भरला की खरे रिव्ह्यू असलेल्या छोट्या सेलरवर पण कुणी विश्वास ठेवत नाही.

पण खोटे रिव्ह्यू सगळे काढून टाकले तरी तारे अपुरेच पडतात असं माझं मत आहे. ईबेच्या सुरुवातीच्या काळातल्या व्यवहारांवर रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी काम केलं होतं, त्यात फीडबॅक देणाऱ्या खरेदीदारांपैकी निगेटिव्ह देणारे १ टक्क्याहूनही कमी निघाले. सगळे एवढे खूश होते? नाही हो, तेव्हा सेलर पण खरेदीदाराला उलट निगेटिव्ह देऊ शकायचा, त्यामुळे लोक एकतर गप्प बसायचे नाहीतर गोड बोलायचे. २००८ मध्ये ईबेने सेलरचा तो अधिकार काढून घेतला. मुक्कामासाठी लोकांची घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये वेगळा मार्ग काढला, दोघांनीही लिहिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय कुणाचाच रिव्ह्यू दिसणार नाही अशी सोय केली, म्हणजे समोरच्याचं वाचून बदला घ्यायची सोयच नाही. मला ही पद्धत जास्त बरी वाटते कारण त्यात दोघांनाही बोलायला मिळतं. तरीसुद्धा सगळ्यांनाच साडेचारच्या वर रेटिंग असेल तर त्या आकड्यावरून मी निवडायचं काय?

मी निवडते ते बोलण्यावरून. खरेदीच्या आधी एखादा प्रश्न विचारायचा आणि उत्तर कसं येतंय ते बघायचं.

माझंच उदाहरण सांगते. एका ताईंनी मेसेज केला की तुमच्या वहीत फाउंटन पेनने लिहिलं तर शाई मागे फुटते का. आता यावर "नाही ताई, क्वालिटी बेस्ट आहे" असं लिहून मोकळं होता आलं असतं. मी त्याच रिमचा एक कागद घेतला, फाउंटन पेनने त्यावर दोन-तीन ओळी लिहिल्या, शेवटी निब मुद्दाम थोडा वेळ टेकवून ठेवलं, वाळू दिलं, आणि कागद उलटा करून खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढला. ओळी मागून अगदी पुसट दिसत होत्या, पण निब टेकलं होतं तिथे गडद ठिपका उमटला होता. तो ठिपका दिसेल असाच फोटो पाठवला आणि लिहिलं, भरभर लिहिणार असाल तर चालेल, जाड निबने सावकाश सुलेखन करणार असाल तर ही वही घेऊ नका. त्यांनी घेतली. नंतर रिव्ह्यूमध्ये त्यांनी वहीबद्दल एकच ओळ लिहिली आणि त्या ठिपक्याबद्दल तीन. तो फोटो मी तेव्हापासून लिस्टिंगमध्येच टाकलाय, आणि नंतर आलेल्या कितीतरी जणांनी सांगितलं की तो फोटो बघून ऑर्डर केली.

दोष दाखवला की माल खपत नाही असं खूप जणांना वाटतं, माझा अनुभव उलटा आहे. उणीव सांगणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्यावर लोक लगेच विश्वास ठेवतात.

पैशाच्या बाबतीतली सगळ्यात चांगली युक्ती मला चीनमधल्या ताओबाओ या ऑनलाइन मार्केटप्लेसची वाटते. ते २००३ मध्ये सुरू झालं, तिथे अनोळखी माणसाला आधी पैसे द्यायला कुणी धजावत नव्हतं, म्हणून अलीपेची सोय आली. घेणाऱ्याने भरलेले पैसे मध्येच अडकून राहतात आणि वस्तू मिळाल्याचं त्याने कळवलं की मग सेलरला जातात, यालाच एस्क्रो म्हणतात. घेणाऱ्याला धीर येतो की पैसे अजून समोरच्याच्या खिशात गेलेले नाहीत, आणि सेलरला धीर येतो की पैसे भरलेले आहेत, माल पाठवला तर फुकट जाणार नाही. सोबत सेलरशी थेट चॅट होतं, त्यामुळे घासाघीस, चौकशी, शंका सगळं खरेदीच्या आधीच व्हायचं. पैसे अडकवून ठेवणं आणि बोलू देणं या दोन्ही गोष्टी बरोबर असल्या की नवीन सेलरलाही संधी मिळते.

आता गडबड होते तेव्हाचं. गडबड होणारच, पार्सलचा कोपरा दबतो, रंग फोटोपेक्षा वेगळा वाटतो, कुरिअरवाला भलत्याच दारात ठेवून जातो. अशा वेळी कस्टमरला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो तर शांततेचा. मेसेज गेलाय, बघितल्याची खूण दिसतेय, उत्तर नाही. उपाय हातात नसला तरी त्याच दिवशी "तुमचा मेसेज वाचला, कुरिअरला विचारलंय, उद्या संध्याकाळपर्यंत कळवते" एवढं लिहिलं तरी समोरचा थांबतो, आणि मग उद्या संध्याकाळी खरंच कळवायचं, कळलेलं काही नसलं तरी कळवायचं. मी स्वतः ज्या सेलरकडून परत परत घेते त्यातल्या बऱ्याच जणांकडून कधी ना कधी काहीतरी चुकीचं आलेलं आहे. त्यांनी हात वर केले नाहीत म्हणून मी टिकले.

पण खरेदीदार नेहमी बरोबरच असतो हे मी मान्य करणार नाही. वापरून झालेली वस्तू परत करणं, दुसरीच जुनी वस्तू डब्यात भरून पाठवणं, मिळालेलं पार्सल मिळालंच नाही सांगणं हे सर्रास चालतं, आणि मोठ्या विक्रेत्याला ते खर्चात धरता येतं, छोट्याचा त्यात महिन्याचा नफा जातो. एका प्लॅटफॉर्मवर माझ्या एका ऑर्डरचा रिफंड मला एका शब्दाने न विचारता कापला गेला, माझ्याकडे पॅकिंगचा व्हिडिओ होता, वजनाची पावती होती, पण ते दाखवायचं कुणाला हेच कळेना, कारण समोर फक्त ऑटोमॅटिक उत्तरं. खरेदीदाराला संरक्षण पाहिजेच, त्याशिवाय नवीन सेलरकडे कुणी फिरकणारच नाही, पण निकाल लावायच्या आधी दुसरी बाजू ऐकायला एक माणूस पण पाहिजे.

ओळखीचा मुद्दा पण आहेच. सेलर खरा आहे की नाही हे तपासलंच पाहिजे, नाहीतर आज फसवून उद्या नवीन नावाने दुकान टाकणाऱ्यांचं फावतं. अमेरिकेत २०२३ पासून इन्फॉर्म कन्झ्युमर्स अॅक्ट लागू झालाय, त्यात ठराविक मर्यादेपेक्षा जास्त विक्री करणाऱ्यांची ओळख आणि बँक खातं प्लॅटफॉर्मने पडताळायचं आणि मोठ्या सेलरचा संपर्क खरेदीदाराला दाखवायचा असं आहे. त्यातली एक तरतूद मला फार आवडली, घरातूनच धंदा करणाऱ्याला राहता पत्ता पूर्ण दाखवावा लागत नाही, पण मग खरेदीदारांना उत्तरं देणं भाग असतं. एकट्या राहणाऱ्या, घरून विकणाऱ्या बायकांसाठी हे किती महत्त्वाचं आहे हे वेगळं सांगायला नको. प्लॅटफॉर्मकडे सगळी खरी माहिती असावी, अनोळखी खरेदीदाराच्या हातात घराचा पत्ता असायची गरज नाही, त्याला फक्त हे कळलं पाहिजे की हा माणूस तपासलेला आहे आणि मेसेज केला तर उत्तर देतो.

प्लॅटफॉर्मवाल्यांकडे माझी मागणी त्यामुळे दोनच गोष्टींची आहे. सेलरच्या पानावर ताऱ्यांच्या शेजारी तो तक्रारीला साधारण किती वेळात उत्तर देतो आणि किती तक्रारी खरंच मिटवतो हे दाखवा, कारण हे नवीन सेलरला पहिल्या महिन्यातच कमावता येतं, त्यासाठी हजार ऑर्डरी लागत नाहीत. आणि रिफंड कापायच्या आधी सेलरला पुरावा टाकायला दोन दिवस द्या, खरेदीदाराचे पैसे हवं तर तेवढे दोन दिवस अडकवून ठेवा, पण आमचा व्हिडिओ कुणीतरी उघडून बघा.