डॅशबोर्डच्या मागची कळशी

जूनच्या शेवटाला मालवणात दोन दिवस नुसता कोसळत होता, त्यानंतरच्या सोमवारी सासूबाईंना कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चालले होते. धामापूरच्या अलीकडच्या वळणांवर त्या एकदम म्हणाल्या, "गो, गाडीत पाणी खंय वाजता?" मी म्हटलं, आई, बाहेर पाऊस आहे. "भायलो पाऊस माका कळता. ह्या हंयसर, पायांकडे. कळशी डचमळता तसा."

मी रेडिओ बंद केला. खरंच की. वळण घेतलं की डब्ब करून काहीतरी एका बाजूला जात होतं आणि गाडी सरळ झाली की परत. मी रोज याच रस्त्याने नोकरीला जाते, रोज गाणी लावून, म्हणजे हे किती दिवस चाललं होतं कोण जाणे. परत येताना लक्ष देऊन ऐकलं तर अजून एक आवाज सापडला, तो वेगळाच. ॲक्सिलरेटर दाबला की डॅशबोर्डच्या आत, साधारण छातीच्या उंचीला, गुळगुळगुळ. तोंड अरुंद असलेली बाटली विहिरीत बुडवली की होतं ना, तस्सं.

पहिला संशय अर्थातच पावसावर. आमची गाडी सुरूच्या झाडांखाली उभी असते आणि त्या सुया कुठे कुठे शिरतात ते किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. पुढच्या काचेखाली वायपरची जाळी असते तिच्याखाली मूठभर सुया आणि काळा चिखल निघाला. तिथलं पाणी खाली जायला वाट असते, ती बुजली की पाणी साचतं आणि कधी कधी आतपण येतं. दरवाजाच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात तीही काडीने मोकळी केली. पण कळशी वाजायची ती वाजतच राहिली, उलट सासूबाईंच्या पायाखालची मॅट आता दाबली की पचपच करायला लागली.

मग गेले एका गॅरेजमध्ये. नाव सांगत नाही. त्याने बोनेट न उघडता सांगितलं एसीचा गॅस कमी आहे म्हणून आवाज येतो, गॅस भरला, 1,800 रुपये घेतले. एसी आधीही थंडच होता, नंतरही थंडच. आवाज दुसऱ्या दिवशी हजर. परत गेले तर म्हणे मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली सील करणारी पट्टी, गेली असणार, इंजिन खोलायला लागेल, "साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." साहेबांना गाडीतलं हॉर्न सोडून काही कळत नाही हे त्याला काय माहीत.

शेवटी चौके गावाच्या पुढे एक वयस्कर मेस्त्री आहेत त्यांच्याकडे गेले. मी उत्साहाने तोंडाने गुळगुळ काढून दाखवायला लागले तर हात वर करून म्हणाले, "वयनी, आवाज कसो येता ता नको, कधी येता ता सांगा. दोन दिवस लिवन ठेवा आणि मगे येवा."

मग मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर पहिल्यांदा रेस दिली की गुळगुळ, दहाएक सेकंद. चढावर रेस वाढली की परत थोडी. एसी लावला काय न लावला काय, तिला फरक नाही. डचमळ मात्र सकाळी अजिबात नाही, एसी अर्धा तास चालला की मगच, आणि फक्त वळणावर नाहीतर ब्रेक मारल्यावर, रेसशी काही संबंध नाही. तिसरं म्हणजे गाडी बंद केल्यावर डॅशबोर्डमधून हलकंसं फुस्स. पानाकडे बघितल्यावर माझं मलाच कळलं की हे एक दुखणं नाही, दोन आहेत, आणि मी त्यांना एकच समजून डोकं फोडत होते.

मेस्त्रींनी पान वाचलं आणि फुस्सवर सरळ काट मारली. ते नॉर्मल. एसीच्या एका बाजूला गॅसचा दाब जास्त असतो, दुसऱ्या बाजूला कमी, बंद केलं की दोन्हीकडचा दाब मधल्या बारीक व्हॉल्व्हमधून सारखा होत जातो, त्याचा तो आवाज.

डचमळीचं कारण सोपं निघालं. एसीची थंड जाळी, इव्हॅपोरेटर, डॅशबोर्डच्या मागे एका प्लास्टिकच्या पेटीत असते आणि आपली हवा तिच्यावर आदळली की थंड ग्लासला बाहेरून घाम येतो तसं पाणी सुटतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत 80-90 टक्के दमटपणा, म्हणजे एसी जवळपास नळासारखा गळणार, आणि तो गळायलाच हवा, पेटीच्या तळाला त्यासाठी एक नळी गाडीखाली काढलेली असते. पण माझ्या गाडीखाली पाणी पडत नव्हतं! हे मला एवढे दिवस दिसलं नाही कारण पावसाळ्यात गाडीखालचं पाणी बघतो कोण. नळीचं तोंड जांभ्याच्या लाल चिखलाने आणि कसल्या तरी किड्याच्या घरट्याने बुजलं होतं. मेस्त्रींनी गाडीखाली जाऊन मऊ वायर अलगद फिरवली, जोरात घुसवली तर आतली जाळीच फाटते म्हणाले, आणि जे पाणी सुटलं ते त्यांच्या बनियनवर. चांगलं दोन तांबे असेल.

त्याआधी त्यांनी मॅटवरचं पाणी पांढऱ्या फडक्यावर टिपून बघितलं होतं. बिनरंगी, बिनवासाचं, म्हणजे एसीचं. तेच हिरवं किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असतं तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणारं द्रव, आणि मग डॅशबोर्ड उतरवायचा खर्च. तसं झालं की काचेवर आतून तेलकट धुकंपण धरतं, पुसलं तरी फराटे राहतात. आणि कूलंट कुठे सांडलंच तर लगेच पाणी ओतून धुवा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्यामांजरांना थोडंसं पोटात गेलं तरी जीव जातो. आमच्याकडे दारात मासेवाली बसली की सहा मांजरं जमतात, त्यामुळे मला याची जास्त धास्ती.

आता गुळगुळ. यात खरी मजा आहे. आपल्या गाड्यांना हीटर असतो हे मालवणात कोणाला आठवतच नाही, तो लाल बाजूचा खटका गाडी घेतल्यापासून मी कधी फिरवलेला नव्हता. पण हीटर वापरा न वापरा, इंजिनातलं गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरत असतं, बऱ्याच गाड्यांत तर कायमच, खटका फक्त हवेची झडप उघडतो. आणि हा छोटा रेडिएटर सगळ्या फेऱ्यात बऱ्यापैकी उंचावर बसतो. कूलंट कमी झालं की हवा उंच जागी जाऊन बसणार, मग रेस दिली, पंप जोरात फिरला की कूलंट त्या हवेला ढकलत नेतं आणि आपल्याला आत ओढा वाहताना ऐकू येतो.

मेस्त्रींनी इंजिन गरम झाल्यावर हीटर फुल लावायला सांगितला. जुलैत. मालवणच्या हवेत. गाडी उभ्या उभ्या चालू असताना आतून गार वारा आला, रेस दिली की गरम, सोडली की परत गार. "बघा. हवा अडाकली हा."

मी म्हटलं पण कूलंट कमी कसं असेल, मी दर रविवारी बोनेटखालची कूलंटची बाटली बघते, खुणेपर्यंत भरलेली असते, एकदाही ओतायला लागलेलं नाही. तर म्हणाले, "बाटलेत असा म्हणान रेडिएटरात असताच असा नाय." गाडी पूर्ण थंड होऊ दिली (गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, आत दाब असतो, तोंड भाजून घ्याल), मग झाकण काढलं. रेडिएटर वरून चांगला चार बोटं रिकामा! आणि शेजारी बाटली खुणेपर्यंत भरलेली.

भानगड अशी होती. कूलंट गरम होऊन फुगतं तेव्हा जास्तीचं झाकणातल्या व्हॉल्व्हमधून बाटलीत जातं आणि इंजिन थंड झालं की आत ओढ तयार होते, त्या ओढीने ते परत येतं. जाताना आणि येताना एकच बारीक रबरी नळी. माझ्या गाडीत ती झाकणाकडच्या टोकाला कडक होऊन चिरली होती. जाताना दाबाने कूलंट जायचं, थोडं वाटेत झिरपायचं, पण येताना मात्र चिरेतून हवा ओढली जायची, कारण हवा ओढणं सोपं. म्हणजे रोज रात्री माझी गाडी एकेक घोट हवा पीत होती आणि बाटली मला भरलेला चेहरा दाखवत होती. जे रोज तपासत होते तेच खोटं बोलत होतं, याचा मला अजून राग आहे. नळी 40 रुपयांची. झाकणाचं रबरपण चपटं झालं होतं म्हणून तेही बदललं.

गॅस्केटचं विचारलंच मी. त्यांनी थंड इंजिन झाकण उघडं ठेवून चालू केलं आणि आत टॉर्च मारून बघत बसले. गॅस्केट गेलं असेल तर इंजिनाच्या सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येतो, बुडबुडे चालू केल्या केल्या येतात आणि थांबतच नाहीत. इथे दोनचार आले आणि बंद. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट थर होता त्याने माझ्या पोटात गोळा आला, पण पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारल्या तरी वाफेने तसा धरतो म्हणाले, दांडीवरचं ऑइल स्वच्छ होतं. "गॅस्केट बिस्केट काय गेला नाय, त्येका सांगा."

हवा काढायला गाडी चढावर तोंड वर करून उभी केली, झाकण उघडं, त्यावर नरसाळं, हीटर फुल, इंजिन नुसतं चालू. साधारण 85 डिग्रीला थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, उघडतो, तोपर्यंत काही होत नाही, आणि मग एकदम ग्लप्प करून पातळी खाली जाते, परत ओतायचं. चाळीस मिनिटं हे चाललं, मी आत बसून घामाने निथळत हीटरवर हात धरून सांगायचं काम करत होते, गरम, गरम, गार, गरम. सव्वा लिटर गेलं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं. विहिरीचं पाणी चालेल का विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी परत विचारलं नाही. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात जरा मचूळच लागतं, ते रेडिएटरात काय करेल ते वेगळं सांगायला नको. शिवाय अर्धं अर्धं मिश्रण उघड्यावर 107 डिग्रीच्या आसपास उकळतं, आणि झाकणाचा दाब चांगला असला की सव्वाशेच्या घरात, म्हणजे नुसतं पाणी घालून फोंडा घाट चढण्यात काही अर्थ नाही.

सगळे मिळून साडेनऊशे रुपये झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत झाकण उघडून परत बघितलं, अर्धी वाटी अजून गेलं. बाटलीवर चिकटपट्टीची खूण केली आहे, आणि आता मला बघायला मजा येते की संध्याकाळी पातळी वर असते आणि सकाळी बोटभर खाली. पूर्वी ती हलतच नव्हती, आणि मी त्यालाच चांगलं समजत होते.

काल सासूबाईंना परत कुडाळला नेलं. धामापूरच्या वळणांवर त्या कान देऊन बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत, नेरूरपारचा पूल आल्यावर म्हणाल्या आता तुझी गाणी लाव. मॅट मात्र अजून पडवीत दांडीवर टांगलेली आहे. आठ दिवस झाले, श्रावणापर्यंत तरी ती सुकेल असं काही दिसत नाही.