वर्कशॉपच्या पडद्याला टाकणखाराचं पाणी

वर्कशॉपच्या दाराला पॉलिस्टरचा पडदा असेल तर आधी तो उतरवा. आग लागली की तो वितळून पेटते थेंब गाळतो, आणि पडदा चटकन पेटू नये म्हणून पुढे दिलेला टाकणखाराचा उपाय त्याला लागू पडत नाही. कापड शंभर टक्के सुती हवं, मांजरपाट किंवा कॅनव्हास.

५ लिटर गरम पाण्याला ३५० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि १५० ग्रॅम बोरिक ॲसिड. एवढ्यात किलोभर कापड आरामात भिजतं. टाकणखार म्हणजे सोनं गाळताना घालतात तोच, त्यामुळे विट्याकडच्या गलाईवाल्यांना तो नवा नाही. बोरिक मात्र केमिकलच्या दुकानातूनच घ्या; कॅरमची पावडर बऱ्याचदा भलतीच असते. दोन्ही का? टाकणखार ज्वाळा अडवतो, पण कापड आतल्या आत धुमसत राहतं. ते धुमसणं बोरिक थांबवतं.

नव्या मांजरपाटाची खळ आधी गरम पाण्यात धुऊन काढा, नाहीतर पाणी आत शिरतच नाही आणि मध्येमध्ये कोरडे पट्टे राहतात. पडदा सुकवून वजन करा. मग हातमोजे घालून दहा-पंधरा मिनिटं बुडवा, हलकेच दाबून काढा. पिळायचा नाही, पिळलात की औषध बादलीत परत! दोरीवर टाकल्यावर पाणी खालच्या काठाकडे उतरतं, म्हणून अर्ध्या तासानं पडदा उलटा करा. पूर्ण वाळल्यावर किलोमागे ८० ते १०० ग्रॅम वजन वाढलेलं दिसलं पाहिजे. कमी भरलं तर पुन्हा बुडवा. इस्त्री कडक नको, कापड पिवळं पडून कमजोर होतं.

त्याच पाण्यात भिजवून वाळवलेली चिंधी अंगणात चिमट्यात उभी धरून खालून १२ सेकंद काडी लावा. काडी काढल्यावर दोनेक सेकंदांत ज्वाळा विझून काळा कोळसा उरला तर ठीक.

तुरटी वापरू नका, तिच्या आम्लानं सूत कुजतं. खतातलं डीएपीही नको. दमट हवेत ओलं होतं, कड्या गंजवतं.

हे औषध पाण्यात विरघळतं. साताऱ्याच्या पावसात झड लागली किंवा पडदा धुतला की सगळं पहिल्यापासून. आणि वेल्डिंगला हा पडदा चालणार नाही, तिथे पत्राच हवा. ग्राइंडरच्या ठिणग्यांचा झोतही थेट त्यावर नको.

उरलेलं पाणी मुलांच्या हाती लागू देऊ नका, बागेतही ओतू नका. टाकणखार-बोरिकमधल्या जास्तीच्या बोरॉननं पानांच्या कडा करपतात, आणि द्राक्षवेलीला ते लवकर बाधतं.