नळाच्या पाण्यापासून सुरू होणारा अभ्यास

विनिपेग विद्यापीठात २०१६ पासून पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कॅनडाच्या मूळ रहिवाशांविषयीचा निदान एक विषय घ्यावाच लागतो, मग शाखा कुठलीही असो. आमची लेक तिथे कॉम्प्युटर सायन्सला आहे. बडोद्याहून माझ्या आईने फोनवर विचारलंच, "अगं, कॉम्प्युटर शिकायला गेलीस ना, मग हे कशाला?"

उत्तर लेकीच्या असाइनमेंटमध्ये होतं. घरचं पाणी कुठून येतं ते शोधा, एवढाच प्रश्न. विनिपेगला १९१९ पासून शोल लेकचं पाणी येतं, सुमारे दीडशे किलोमीटरवरून, उताराच्या जोरावर. त्या तळ्याकाठी अनिशिनाबे या मूळ रहिवासी लोकांचं शोल लेक ४० हे गाव आहे. शहराच्या योजनेसाठी त्यांची जमीन गेली, कालवा खणला गेला आणि गाव बेटासारखं तुटलं. १९९७ ते २०२१ तिथे पाणी उकळून पिण्याची सूचना लागू होती. आम्ही पेला सरळ नळाखाली धरतो आणि तळ्याकाठचे लोक बाटलीच्या पाण्यावर! बारमाही रस्ताही २०१९ साली झाला. त्याचं नाव फ्रीडम रोड.

हे वाचून मी रात्री बराच वेळ बडोद्याचाच विचार करत होते. नर्मदेच्या कालव्यावरून आपण कितीदा गेलो असू. सरदार सरोवरासाठी गुजरातमधली १९ गावं बाधित झाली. तिथल्या तडवी, राठवा, वसावा या आदिवासी कुटुंबांपैकी अनेकांना डभोई-वाघोडियाकडे वसवलं. म्हणजे आपल्या अगदी शेजारी. पण पदवी हातात पडेपर्यंत यातलं एक अक्षर माझ्या कानावर आलं नव्हतं. छोटाउदेपूरकडचं तेजगढ हे गावही लांब नाही. बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या गणेश देवींनी तिथे आदिवासी अकादमी उभी केली. राठव्यांच्या घरातल्या भिंतीवरचा पिठोरा, म्हणजे त्यांचं पारंपरिक चित्र, आपण दिवाणखान्यात फ्रेम करून लावतो. तो नवस फेडण्यासाठी काढतात, हे किती जणांना ठाऊक आहे?

सक्तीने आस्था येते का, असं इथेही काही पालक विचारतात. मला सक्ती योग्यच वाटते. ऐच्छिक ठेवला की हा विषय ज्यांना आधीच कळकळ आहे तेच घेतात. इथल्या सरकारी आणि चर्चच्या निवासी शाळांत मूळ रहिवाशांच्या दीड लाखाहून अधिक मुलांना आईबापांपासून तोडून घातलं, त्यांची भाषा तोंडातून काढून घेतली. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ साली ९४ शिफारशी केल्या, त्यात हा इतिहास शाळेत सक्तीने शिकवा, असंही आहे.

पण शिकवणार कोण, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लेकीच्या वर्गात अनिशिनाबे प्राध्यापिका आहेत, आणि बोलायला येणाऱ्या वडीलधाऱ्यांना मानधन मिळतं. बडोद्यात असा विषय सुरू झाला, तर धरणग्रस्तांच्या वसाहतीतल्या तडवी आजींना माहिती विचारून परत पाठवू नका. त्यांना वर्गात शिक्षिका म्हणून बोलवा, शिक्षिकेचा पगार द्या, आणि कॉमर्सच्या मुलांनाही तिथे बसवा.