मराशचा टाका

आर्मेनियात आम्ही आठ दिवस होतो. गार्नीचं देऊळ, कड्यात कोरलेला गेघार्दचा मठ, सेवान सरोवर, सगळं पाहिलं आणि सगळं सुंदर आहे. त्याचे फोटो सावकाश टाकेन. आज लिहायचंय ते येरेवानमधल्या एका शनिवारच्या तासाभराबद्दल.

रिपब्लिक चौकाजवळ वेर्निसाज नावाचा उघड्यावरचा बाजार भरतो. 1980 च्या दशकात चित्रकार इथे आपली चित्रं मांडायला लागले, मग हळूहळू हातकामवालेही आले. शनिवार-रविवारी तो पूर्ण भरतो. आमच्या टूरवाल्याने तिथे मोजून एक तास दिला होता. आदल्या दिवशी एका कारखान्याच्या दुकानात, जिथे कोणालाच काही घ्यायचं नव्हतं, तिथे मात्र अडीच तास बसवलं. त्याचा राग मला अजून आहे.

बाजारात शिरल्यावर आधी दिसतात ती डाळिंबं. चांदीची, मातीची, मीनाकामाची, कानातली, गळ्यातली, चावीला अडकवायची. चर्चच्या भिंतीवर कोरलेलं डाळिंबही मी दोन दिवसांपूर्वीच पाहिलं होतं, त्यामुळे ते फक्त पर्यटकांसाठी नाही हे कळलं. दुसरं अक्षरांचं वेड. मेस्रोप माश्तोत्स यांनी इसवी सन 405 च्या सुमारास ही लिपी घडवली, आणि आजही माणसं आपल्या नावाचं पहिलं अक्षर चांदीत घडवून गळ्यात घालतात. काही अक्षरं तर पक्ष्यांच्या आकाराची, जुन्या हस्तलिखितांतून उचललेली. मी भाचीसाठी एक घेतलं. ऑब्सिडियनचे काळे कुळकुळीत मणीही घेतले. ज्वालामुखीच्या या काचेला तिथे सैतानाचं नख म्हणतात. एक सूचना करते: चांदी घेताना मागचा 925 चा शिक्का बघाच, आणि एकच कानातलं सलग चार टेबलांवर दिसलं तर ते हातचं नाही असं समजा.

तास संपायला पंचवीस मिनिटं उरली होती. एका टेबलावर कापडी पिशव्या होत्या. मळकट निळ्या जाड कापडावर विटकरी आणि पिवळ्या दोऱ्याने भरलेल्या फुल्या. मी जवळ गेले आणि थबकले. तो आपला कच्छी टाका होता. शाळेतल्या शिवणाच्या तासाला बाईंनी फटके देऊन शिकवलेला आणि नंतर सांगलीच्या आत्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा पक्का करून घेतलेला. कुणी त्याला सिंधी टाका म्हणतं. आधी आखून घ्यायचं, लांब टाक्यांचा सांगाडा घालायचा आणि मग त्याच सांगाड्यातून दोरा वर-खाली ओवत जायचं, कापडाला सुई न टोचता.

पण टाक्याबद्दल विचारण्याआधी मी जे केलं ते लिहिते. किंमत अठरा हजार द्राम होती, आपले साधारण चार हजार. टूरवाल्याने सांगूनच ठेवलं होतं की घासाघीस करा. मी पंधरा म्हटलं. टेबलामागच्या बाईंनी मुलीकडे पाहिलं, मुलीने मान हलवली, पिशवी माझी झाली.

पैसे दिल्यावर मी मुलीला विचारलं, हा टाका कुठला? ती म्हणाली, मराशचा. मराश आता तुर्कस्तानात आहे. 1915 च्या नरसंहारात आणि त्यापुढच्या वर्षांत तिथले आर्मेनियन उखडले गेले. यांच्या आईची आजी अलेप्पोला पोचली. तिथे पोट भरायला निर्वासित बायकांच्या हाती सुईच होती. मग सीरियात युद्ध सुरू झालं आणि या दोघी येरेवानला आल्या. मुलगी हे सगळं घराचा पत्ता सांगावा तसं सांगत होती. आईने मध्येच पिशवी माझ्या हातातून घेतली, आतलं अस्तर जरा सोडवलं आणि उलटी बाजू दाखवली. मागे नुसत्या बारीक रेघा. सगळं काम वरच्या वर.

मी म्हटलं, मलाही येतो. मुलीने भाषांतर केलं. बाईंना ते खरं वाटलं नाही. त्यांनी अर्धवट भरलेला तुकडा आणि सुई माझ्यापुढे ठेवली. मी सुई उलटी धरली, नेढं पुढे, म्हणजे टोक कापडात अडकत नाही. आणि त्या मोठ्याने हसल्या, माझं मनगट धरून "जान, जान" म्हणाल्या. त्याही तशीच धरतात! एका कोपऱ्यावर मी चुकले, दोरा खालून न्यायच्या जागी वरून नेला. बाईंनी काही न बोलता सुईने तो उसवला आणि बोटाने वाट दाखवली. आत्याची हीच सवय. चूक सांगायची नाही, उसवायचं. कच्छपर्यंत हा टाका कोणत्या वाटेने आला, की इथूनच तिकडे गेला, हा प्रश्न तेव्हा मनात आलासुद्धा नाही. मी फक्त फुली पूर्ण करत होते.

फोन तीनदा वाजला. बस थांबली होती, माणसं वैतागली होती. उठता उठता मी विचारलं, या एका पिशवीला किती दिवस लागतात? अकरा, मुलगी म्हणाली. मी पर्समध्ये हात घातला, उरलेले तीन हजार पुढे केले. आईने माझी मूठ बंद केली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

परत आल्यावर महिन्याने सांगलीला गेले. आत्या आता ब्याऐंशीची आहे, दृष्टी अधू झाली आहे. पिशवी हातात देताच तिने पहिल्यांदा अस्तर चाचपलं आणि मागची बाजू शोधली. खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत बसली. मग किती दिले विचारलं. मी सांगितलं. अकरा दिवसांचंही सांगितलं.

"कमी दिलेस गं," ती म्हणाली, आणि पुन्हा टाके मोजायला लागली.