मेडलच्या कडेवरचा नंबर

16 डिसेंबरला केजच्या एका मंगल कार्यालयात माजी सैनिक आणि वीरपत्नींचा मेळावा होता. साडेदहाच्या सुमारास सत्तरीच्या एक आजी नातवाला घेऊन दारात आल्या. कापडी पिशवीत बँकेचं पासबुक आणि एक पितळी डबी, बाकी काही नाही. फौजेतून सुटताना मिळणारं डिस्चार्ज बुक नाही, पेन्शन मंजुरीचा कागद म्हणजे पीपीओ नाही. "मालक जाऊन पाच वर्षं झाली. कागदं पेटीत होती, पेटीला वाळवी लागली. सहा महिने झाले पेन्शन येईना, कामून येईना ते कुणी सांगंना."

मी कल्याण संघटक. तालुक्या-तालुक्यात फिरून माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या अडचणी बघणं हे माझं काम. अशा वेळी पहिला प्रश्न आर्मी नंबरचा. तो सापडला की रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसशी पुढचं बोलता येतं. आजींना नंबर माहीत नव्हता. डबी उघडली तर आत 1971 च्या लढाईचं संग्राम मेडल.

मेडलच्या कडेवर इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. घरोघरी हे ठाऊक नसतं. आजी दर 26 जानेवारीला मेडल चिंचेनं घासून लख्ख करायच्या, त्यात कडेवरची अक्षरं निम्मी झिजली होती. झिजलेला नंबर वाचायचा तर आणखी घासू नये. चिमूटभर पांढरी रांगोळी कडेवर बोटानं फिरवायची, वरची हलकेच पुसायची, म्हणजे खाचांत राहते तेवढी दिसते. मग मोबाइलची बॅटरी आडवी धरून मेडल बोटांत गोल फिरवायचं. नातवानं एकेक आकडा वाचला, मी लिहून घेतला. सुरुवातीच्या आकड्यांवरून रेजिमेंट कळते. हा मराठा लाइट इन्फंट्रीचा.

साताऱ्याच्या अपशिंग्यात घरटी फौजी, तिथं नवरा गेला तरी गल्लीत चार पेन्शनर असतात. मराठवाड्यात गावात एक, फार तर दोन. एक महार रेजिमेंटचा, दुसरा तोफखान्याचा. पलटणीचा भाऊबंद तीन तालुके पलीकडं. म्हणून मेळाव्यात आम्ही गावावार बसवत नाही, पलटणीवार बसवतो. मराठा, महार, तोफखाना, इंजिनिअर्स अशा पाट्या लावतो, प्रत्येक पाटीखाली सतरंजी आणि पाठ टेकायला चार खुर्च्या. भाषणं अर्ध्या तासाच्या वर जाऊ देत नाही. शाल-नारळात दोन तास गेले की मधुमेहाची गोळी घेतलेली माणसं जेवायच्या आधीच उठून एसटी गाठतात, आणि ज्यासाठी बोलावलं ते बोलणं राहून जातं. दारात दोन जुन्या वीरपत्नी बसवतो. नवी आलेली बाई पुरुषांच्या टेबलाशी येऊन पैशाचं बोलत नाही, त्यांच्याशी बोलते.

आजींच्या नंबराचा कागद घेऊन मी मराठ्यांच्या सतरंजीवर गेलो. एका हवालदारांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि स्वतःचा नंबर म्हणून दाखवला. दोन नंबरांत अकराचा फरक. नंबर भरतीच्या वेळी ओळीनं पडतात. म्हणजे एकाच दिवशी भरती, बेळगावच्या सेंटरला एकाच बरॅकीत. मी नाव सांगायच्या आत त्यांनी सांगितलं. मग उठून आजींसमोर गेले. "वहिनी, तो झोपेत बडबडायचा का हो शेवटपर्यंत?" आजींनी तोंडाला पदर लावला आणि मान हलवली.

दोघं पहिल्या मराठा पलटणीत, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होते. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी वेढ्यातल्या पाकिस्तानी फौजेला शरण येण्याचं पत्र धाडलं, तिकडून चिठ्ठीत गुंडाळलेली बंदुकीची गोळी उत्तर म्हणून आली. मग 10 डिसेंबरच्या रात्री वेढ्यातली फौज फोडून निघायला बघत होती, तेव्हा रस्ता अडवून बसलेल्यांत हे दोघं. हवालदार सांगत होते आणि आजी नातवाचा हात धरून ऐकत होत्या. जमालपूर हे नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"मी फोन लावायचो, बंदच लागायचा," हवालदार म्हणाले. गोम इथंच असते. पलटणीची सगळी ओळख त्या एका माणसाच्या मोबाइलमध्ये. तो गेला की सिम मुलाकडं जातं, रिचार्ज संपतो, ग्रुपमधला नंबर नुसता पडून राहतो. आमच्या रजिस्टरात आता एका फौजीमागं तीन नंबर लिहितो: त्याचा, बायकोचा, आणि घरातल्या तरुण पोराचा. बायकोच्या नावाचे दोन रकाने ठेवले, माहेरचं आणि सासरचं. आपल्याकडं लग्नात नाव बदलतात. पलटणीत एक नाव नोंदलेलं असतं, आधारवर दुसरं, आणि नवरा गेल्यावर ती दोन बाया ठरते. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, रेकॉर्ड ऑफिसला धाडा, महिने जातात. फौजी हयात असतानाच नाव तपासून दुरुस्त केलं तर हे सगळं टळतं. म्हणून मी प्रत्येकाला विचारतो, पीपीओवर वहिनींचं नाव आधारसारखंच आहे का. बरेच जण म्हणतात, बघितलंच नाही कधी.

आजींचं नाव सुदैवानं जुळत होतं. पेन्शन अडकली होती हयातीच्या दाखल्यावर. नातवानं एका केंद्रावर तो काढला होता, पावतीही जपून ठेवली होती. पावतीत पेन्शन देणारी संस्था म्हणून बँकेचं नाव. आजींची पेन्शन स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर गेलेली. आता बँकेत फक्त खातं, पेन्शन बँक देत नाही. जीवन प्रमाण या हयातीच्या दाखल्याच्या ऑनलाइन सेवेत मंजूर करणारी संस्था 'डिफेन्स, पीसीडीए (पी) अलाहाबाद' आणि देणारी 'स्पर्श, पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद' हेच निवडावं लागतं. बँक निवडली तरी दाखला निघतो, नंबर मिळतो, घरच्यांना वाटतं झालं. तो पोचतो मात्र भलतीकडंच.

पुन्हा काढायला बसलो. अंगठा तीनदा लावला, तिन्ही वेळा नापास. जन्मभर कापूस वेचलेल्या, खुरपं धरलेल्या हातावर रेघा राहत नाहीत. मग चेहऱ्यानं. ॲप आधी चालवणाऱ्याची ओळख घेतं, नंतर पेन्शनरची. आजींना खिडकीकडं तोंड करून बसवलं, पदर कपाळावरून मागं घेतला, चष्मा काढला. उजेड पाठीमागून असला की चेहरा काळा पडतो आणि ॲप नाही म्हणतं. पापणी मिटायला सांगितली तर आजी डोळे गच्च मिटूनच बसल्या. दारातल्या एका वीरपत्नी समोर बसल्या आणि स्वतः पापणी हलवून दाखवत राहिल्या. चौथ्या खेपेला झालं.

दाखला निघाला म्हणजे स्वीकारला गेला असं नाही. काही दिवसांनी स्पर्शमध्ये जाऊन बघावं लागतं, आणि तिथल्या लॉगिनचा ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. तो मोबाइल होता आजींच्या मुलाकडं, आणि मुलगा दसऱ्यानंतर ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेला. आमच्याकडं हे घरोघरी आहे. हयातीचा दाखला नोव्हेंबरात आणि नेमका तेव्हाच घरातला फोन फडात. म्हणून नातवाचा नंबर नोंदवायचा ठरवलं, पण त्यासाठीही एकदा आत शिरायला मुलाकडूनच आकडे हवेत.

दोनदा रिंग वाजून गेली. तिसऱ्यांदा उचलला, मागं कोयत्यांचा आवाज. नातू म्हणाला, "बाबा, मेसेज आलाय बघा, सहा आकडे सांगा." तेवढ्यात हवालदारांनी फोन मागून घेतला. "तुझ्या बापाच्या पलटणीतला बोलतोय. बेळगावला एका बरॅकीत होतो आम्ही." पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग मुलगा बोलायला लागला, हवालदार नुसतं हूं हूं करत ऐकत राहिले, आजी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. स्क्रीनवरची वेळ संपली. ओटीपी दुसरा मागवावा लागला.